उंदराची पाठ आणि बाबांचा अंगठा

पत्र:

ताई, मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रोजेक्ट दगडी पाल्यावर आहे. सावलीत वाळवलेल्या पानांचा अल्कोहोलमध्ये अर्क काढला, त्याचं ५ टक्के आणि १० टक्के मलम केलं आणि उंदरांच्या पाठीवरच्या जखमांवर लावून पाहिलं. निकाल चांगले आले. गाईड खूश, मीही खूश. घरी कौतुकानं फोटो दाखवले आणि तिथेच चुकले. बाबांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. तीन आठवड्यांपूर्वी नवी चप्पल चावून त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला खालच्या बाजूनं जखम झाली. सकाळी फिरायला जातात तिथून ते दगडी पाला आणतात, चुरगळतात आणि बांधतात. दुखत नाही म्हणतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "माझ्या मुलीनंच सिद्ध केलंय, डॉक्टर कशाला?" वर अमेरिकेकडून हळदीचं पेटंट आपण कसं परत मिळवलं ते ऐकवतात. आता प्रयोगशाळेतलं मलमच आण म्हणतायत. एक डबी माझ्या सॅकमध्ये आहे. आणली, पण दिलेली नाही. माझं संशोधन खोटं आहे का? खरं असेल, तर बाबांना नाही कोणत्या तोंडानं म्हणू?
— द्विधेत सापडलेली

उत्तर:

प्रिय मुली,

प्रबंधाचं नंतर बघू, आधी अंगठा. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त घाबरवणारे शब्द "दुखत नाही" हे आहेत. तळपायाच्या बाजूला जखम आहे, माणूस रोज त्यावर वजन टाकून फिरायला जातोय आणि तीन आठवड्यांत एकदाही लंगडला नाही. धडधाकट नसा असलेला माणूस पहिल्याच दिवशी "आई गं" करून खाली बसला असता. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होत जातात. मग चप्पल चावते, खडा टोचतो, चटका बसतो, पण खबर वर पोचतच नाही. बाबांना जी चांगली खूण वाटतेय, तीच डॉक्टरला वाईट वाटेल.

म्हणून आज, उद्या नव्हे, त्यांना सर्जनकडे ने. मधुमेही पायांचा वेगळा दवाखाना हाताशी असेल तर तिथे. तिथे काय होईल ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे बाबांची भीती थोडी कमी होईल. नायलॉनचा एक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारतील, "लागतंय का?" तो धागा १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तेवढाही स्पर्श कळला नाही, तर पायाचं संरक्षण गेलं असं धरतात. पावलावरची नाडी बघतील. जखमेच्या कडेचा घट्टा आणि मेलेली कातडी कापून काढतील. बघताना ते भयंकर वाटतं, पण बाबांना बहुतेक कळणारही नाही. मग बोथट सळईनं तळ चाचपतील. सळई हाडाला टेकली, तर संसर्ग हाडापर्यंत गेल्याचा संशय घ्यावा लागतो. एक्स-रे काढतील. आणि शेवटी बाबांना सगळ्यात नकोसं वाटेल ते सांगतील, की या अंगठ्यावर वजन टाकायचं नाही. त्यासाठी वेगळी पादत्राणं किंवा प्लास्टरसारखा बूट देतात. अशी जखम भरायला कुठल्याही मलमापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, आणि लोक नेमकं हेच पाळत नाहीत.

तिथे जाईपर्यंत पाला काढून टाक. स्वच्छ वाहत्या पाण्यानं किंवा सलाइननं जखम धू, बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, निर्जंतुक गॉज ठेवून सैल बांध. गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही. ज्याला चटका कळत नाही, त्याच्या पायाचा भरवसा पाण्याला कशाला द्यायचा? फिरणं बंद. लाली वर चढत असेल, वास येत असेल, कातडी काळी पडली असेल, थंडी वाजून ताप आला असेल किंवा साखर अचानक वाढली असेल, तर रात्रीचे दोन वाजले तरी थेट कॅज्युअल्टी गाठ. आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते विचार. मातीत आणि जनावरांच्या शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात. रस्त्याकडेचा, कुत्र्यामांजरांच्या वाटेवरचा पाला तीन आठवडे उघड्या जखमेवर बांधला गेलाय. मळलेल्या जखमेत शेवटच्या लसीला पाच वर्षांहून जास्त झाली असतील, तर पुन्हा टोचतात. आठवत नसेल, तर तसंच डॉक्टरांना सांग.

आता तुझा प्रश्न. संशोधन खोटं आहे का? नाही. प्रश्न छोटा होता, त्याचं उत्तर तुला मिळालं. बाबांनी ते उत्तर एका मोठ्या प्रश्नाला लावून टाकलं. हे तू त्यांना समजावू शकतेस, आणि तुझ्याइतकं चांगलं दुसरं कुणी समजावू शकणार नाही, कारण तो उंदीर तू हातात धरला आहेस.

त्यांना ते सांग. उंदराची मानेजवळची कातडी चिमटीत धरली की कशी उचलून येते, सैल अंगरख्यासारखी इकडून तिकडे सरकते. आपल्या पोटरीवर किंवा अंगठ्याखाली अशी चिमूट घेऊन बघा म्हणावं. येत नाही. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो आखडतो आणि बटव्याची नाडी ओढावी तशा कडा मध्ये आणतो. म्हणजे उंदराची जखम बरीचशी आवळून मिटते. माणसात तो थर जवळजवळ नाहीसा झालाय; मानेच्या पुढच्या बाजूला त्याची एक पट्टी उरली आहे. आपली जखम तळातून लाल, दाणेदार मांस वर येऊन आणि कडेकडून नवी कातडी सरकत येऊन भरते. ते काम सावकाश चालतं, त्याला रक्त लागतं, आणि मधुमेही पायात बऱ्याचदा नेमका रक्ताचाच तुटवडा असतो.

तू रोज जखमेवर पारदर्शक कागद ठेवून मार्करनं कड गिरवली असशील आणि मग आलेखाच्या कागदावर चौकोन मोजले असशील. (निम्म्याहून जास्त भरलेला चौकोन एक धरायचा, यावरून आमच्या विभागात दरवर्षी भांडण व्हायचं.) त्या चौकोनांनी तुला काय सांगितलं? क्षेत्रफळ किती घटलं ते. त्यातलं किती आवळल्यामुळे घटलं आणि किती नव्या कातडीमुळे, हे चौकोन सांगत नाहीत. म्हणूनच काही संशोधक उंदराच्या जखमेभोवती सिलिकॉनची चकती टाक्यांनी बसवतात. मग कडा आवळायला जागाच राहत नाही आणि जखमेला थोडंफार माणसासारखं भरावं लागतं. तुझ्या प्रयोगात चकती नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, बहुतेकांच्या नसते. पण चर्चेच्या प्रकरणात तसं लिही.

एक आकडा बाबांसाठी. जखमेवरच्या उपचारांचे प्राण्यांमधले निष्कर्ष माणसांमधल्या निष्कर्षांशी किती जुळतात, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तपासलं होतं. डुकरांचे ७८ टक्के वेळा जुळले. उंदीर-सशांसारख्या लहान प्राण्यांचे ५३ टक्के वेळा. ५३ टक्के म्हणजे छापा-काट्याच्या अगदी शेजारी. शिवाय तुझे उंदीर तरुण आणि निरोगी होते. औषध टोचून मधुमेही केलेले उंदीर वापरले असतेस, तरी ती काही आठवड्यांची वाढलेली साखर. १४ वर्षांत बधिर झालेल्या नसा आणि अरुंद झालेल्या धमन्या त्या उंदरांकडेही नसतात.

मग मलम "चाललं" ते कशामुळे? इथे तुला जरा खोलात नेते, कारण व्हायव्हात हे विचारतील आणि न विचारलं तरी तुला माहीत हवं. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पडदा लावला. झाकलेल्या जखमांवर कातडी साधारण दुप्पट वेगानं आली. औषध काहीही नव्हतं, फक्त ओल टिकली होती. तोवर जखम वाळली पाहिजे, खपली धरली पाहिजे असंच सगळे मानत होते. आता विचार कर: व्हॅसलीनसारख्या बेसमध्ये काहीही मिसळून लावलंस, तरी ओल टिकणार. म्हणून तुझ्या मलमाची खरी तुलना नुसत्या बेसशी व्हायला हवी. "काहीच न लावलेल्या" गटाशी तुलना केली, तर जिंकलं कोण, अर्क की व्हॅसलीन, हे कळत नाही. पोव्हिडोन आयोडिन या नेहमीच्या जंतुनाशकाशी केली तरी सावध राहा. जास्त तीव्रतेचं आयोडिन जंतूंबरोबर नव्या पेशींनाही त्रास देतं, त्यामुळे त्याला हरवणं फार मोठी मर्दुमकी नाही.

माझ्या हाताखाली एकदा एक हुशार मुलगा असाच आला होता. वनस्पती वेगळी, मलम हिरवंगार, आकडे झकास. मी म्हटलं, बेसचा गट कुठाय? तो म्हणाला, सर म्हणाले गरज नाही. आम्ही तो गट नंतर केला. बेसचे उंदीर मलमाच्या उंदरांपेक्षा एखादा दिवसच मागे राहिले. पोरगा दोन दिवस जेवला नाही. पुढे त्यानं ते सगळं जसंच्या तसं लिहिलं, आणि मला विचारशील तर त्या वर्षीचा तोच सगळ्यात चांगला प्रबंध होता.

आणखी एक. कुठल्या उंदराला काय लावलंय हे माहीत असताना कड तूच गिरवत होतीस का? आपली पेन्सिल आपल्या बाजूनं झुकते. मुद्दाम कुणी करत नाही, पण होतं. पुढच्या फेरीत पिंजऱ्यांवर नुसते आकडे टाक, कुठला आकडा कुठल्या गटाचा ती यादी दुसऱ्याकडे ठेव आणि गिरवायला विभागातल्या ज्याला उंदरांशी काही देणंघेणं नाही अशा माणसाला बसव.

दगडी पाल्यात काहीच दम नाही, असं मात्र मी म्हणत नाही. १९८०च्या दशकापासून आपल्याकडच्या प्रयोगशाळांत त्यावर काम चाललंय. स्टेरॉइड दिल्यावर जखम भरणं मंदावतं, त्यावर या वनस्पतीचा काय परिणाम होतो ते तपासलं गेलं. १९९१मध्ये लायसिल ऑक्सिडेजवरचा अभ्यास आला. कातडीला बळ देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंफून घट्ट करायला हे विकर लागतं. तू हायड्रॉक्सिप्रोलिन, म्हणजे कोलॅजनचाच एक घटक, मोजलं असशील, तर त्याच कहाणीचा पुढचा तुकडा तुझ्याकडे आहे. उंदरांवरच्या अभ्यासांचा हा ढीग बराच उंच आहे. माणसांवरच्या नीट, मोठ्या चाचण्यांपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

आणि बाबा पाला बांधतात तेव्हा ते तुझं मलम बांधतच नाहीयेत. तू पानं वाळवलीस, कुटलीस, अल्कोहोलमध्ये काढलीस, गाळून आटवलीस, वजन करून बेसमध्ये घोटलीस. त्यांच्या मुठीत आहे चोथा, पाणी, केस, धूळ आणि सकाळी त्या झुडपापाशी जो कोण थांबला असेल त्याचा प्रसाद. कापल्यावर पाला चुरगळून दाबला की रक्त थांबतं, हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलंय. पण दाबला म्हणूनही रक्त थांबतं. स्वच्छ रुमाल दाबून धरला असता तरी छोट्या कापण्याचं थांबलंच असतं.

हळदीचं बाबा सांगतात ते खरं आहे आणि अभिमानानं सांगण्यासारखंही आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघांना १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३चा एक लेखही पुढे ठेवला, आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण बाबांना विचार, तिथे वाद कशाचा होता? पेटंट कार्यालयाला एवढंच ठरवायचं होतं, की ही युक्ती नवी आहे का. आपण दाखवलं, की आमच्या आजीलाही ही माहीत आहे. हळदीनं जखम किती लवकर भरते, कुणाची भरते, कुणाची चिघळते, हे तिथे कुणी मोजलं नाही आणि मोजायचं कारणही नव्हतं.

परंपरेवरून बाबा फारच जोर धरत असतील, तर ही गंमत राखून ठेव. दगडी पाला मूळचा इथला नाहीच. ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, मेक्सिकोकडची वनस्पती. जहाजांच्या वाहतुकीचं युग सुरू झाल्यावर जगभर पसरली. तीन दातांच्या पांढुरक्या पाकळ्या, मधे पिवळं, एकाच लांब दांड्यावर एकच फूल, म्हणून एकदांडी. लिनीयसनं १७५३मध्ये तिला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स असं नाव दिलं, तेही बहुधा त्या तीन दातांवरूनच. म्हणजे "पाच हजार वर्षांचं ज्ञान" हे तिच्या बाबतीत तरी खोटं. पण मला यात कमीपणा दिसत नाही. परकं तण दारात उगवलं, कुणीतरी कापलेल्या बोटावर लावून बघितलं, फरक वाटला, शेजारणीला सांगितलं. तूही तेच केलंस, फक्त मोजून. त्यावरून आठवलं: तू वापरलेल्या झाडाचा वाळवलेला नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून घेऊन, क्रमांकासह जपून ठेवला आहेस ना? ब्राह्मी म्हणून बाजारात दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. मराठी नावावर प्रबंध उभा करू नकोस.

वनस्पतीतून खरंखुरं औषध निघतं तेव्हा काय होतं, त्याचं एक उदाहरण देते, कारण तुलाही हे नाउमेद करणारं पत्र वाटू नये. भूर्जपत्र ज्या झाडाचं, त्याची युरोपातली भावंडं म्हणजे बर्च. त्यांच्या सालीतल्या ट्रायटर्पीन द्रव्यांचं सूर्यफुलाच्या तेलातलं जेल काही जणांनी बनवलं. आजार असा निवडला, ज्यात नुसत्या घासण्यानंही कातडी सुटून येते, फोड येतात, बऱ्याचदा अगदी जन्मापासून. चाचणीत २२३ रुग्ण. अर्ध्यांना जेल, अर्ध्यांना अर्क नसलेलं जेल, आणि कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. ४५ दिवसांत ठरवलेली जखम पूर्ण भरली, अशांचं प्रमाण अर्कवाल्यांत ४१.३ टक्के, नुसत्या जेलवाल्यांत २८.९ टक्के. हा फरक हाती आल्यावर २०२२मध्ये युरोपनं आणि २०२३च्या अखेरीस अमेरिकेनं त्याला मंजुरी दिली. ते २८.९ नीट बघ. नुसत्या जेलनंही चौथ्या हिश्शाहून जास्त लोकांच्या जखमा त्या मुदतीत भरल्या. हा गट नसता, तर सगळं श्रेय सालीला गेलं असतं.

उलट दिशेचंही आहे. कोरफड म्हणजे तर घराघरातलं मलम. शस्त्रक्रियेनंतर उकललेल्या जखमांवर ती वापरून पाहिली तेव्हा, १९९१च्या एका छोट्या अभ्यासात, नेहमीच्या पद्धतीनं सरासरी ५३ दिवसांत भरणाऱ्या जखमांना कोरफडीच्या जेलसह ८३ दिवस लागले. स्त्रिया २१च होत्या, म्हणून एवढ्यावरून कोरफडीला फाशी द्यायची नाही. पण "झाडपाला आहे, फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही", हे बाबांचं पुढचं वाक्य असणार, म्हणून जवळ असू दे.

बोलायचं कसं, तेही विचारलं आहेस. भावासमोर, पाहुण्यांसमोर बोलू नकोस. त्यांना लेकीचा अभिमान आहे, तो चारचौघांत उतरवलास तर ते पाल्याला आणखी घट्ट धरतील. आलेखाचा कागद घेऊन शेजारी बस. म्हण, "बाबा, सिद्ध केलंय ते उंदरावर. माणसावर सिद्ध करायला परवानगी लागते, नीतिमत्ता समिती लागते, डॉक्टर लागतो. तुमच्यावर मी चोरून प्रयोग केला, तर माझाच प्रबंध धोक्यात येईल." हे शंभर टक्के खरं आहे, आणि ज्या बापाला स्वतःच्या पायापेक्षा मुलीच्या पदवीची काळजी जास्त असते त्याला ते पटकन कळतं. काम हवंच असेल, तर त्यांना रोज पट्टी बदलताना अंगठ्याशेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढायला सांग. सर्जनला ते फोटो खरोखर उपयोगी पडतात.

तरीही उठले नाहीत, तर सरळ तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना घरी बोलाव. रुसतील. रुसू देत.

ती सॅकमधली डबी उद्या परत ने. उंदरांसाठी बनवलेलं, निर्जंतुक केल्याची खात्री नसलेलं मलम घरात राहता कामा नये. कपाटात सापडलं तर ते लावतीलच. डबीवर बॅच आणि तारीख असेल. वजन कर, रजिस्टरमध्ये लिही आणि फ्रीजमध्ये जिथून उचललीस तिथे ठेव. आणि नायलॉनचा धागा बाबांना कुठे लागला, कुठे नाही लागला, ते मला कळव.